हडपसरचे ग्लायडिंग सेंटर आणि आम्ही ठाणे-डोंबिवलीची मुले

हडपसरला ग्लायडिंग सेंटर सुरू झाले 1950 साली. देश स्वतंत्र होऊन जेमतेम तीन वर्षे झाली होती. विमान उडवणे ही तेव्हा संस्थानिकांची, बड्या व्यापाऱ्यांची आणि हवाई दलातल्या अधिकाऱ्यांची गोष्ट होती. फ्लाइंग क्लबात तासाचे पैसे मोजणे पगारदार घराच्या आवाक्यात नव्हते. केंद्र सरकारच्या नागरी विमान वाहतूक खात्याने यावर काढलेला मार्ग जगात आधी कसाला लागलेला होता. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीवर इंजिनाच्या विमानांबाबत कडक निर्बंध आले, तेव्हा तिथल्या विद्यार्थ्यांनी लाकूड-कापडाची बिनइंजिनाची विमाने वासरकुप्पे नावाच्या डोंगरावर नेली. 1920 पासून तिथे ग्लायडरच्या स्पर्धा भरू लागल्या आणि त्यांतून वैमानिकांची एक पिढी उभी राहिली. इंजिन नाही, म्हणून पेट्रोल नाही, म्हणून खर्च कमी. शिवाय हवा कशी वागते हे ग्लायडरमध्ये जितके कळते तितके इंजिनाच्या आवाजात कळत नाही.

त्याच वर्षी, 1 एप्रिल 1950 रोजी, एन.सी.सी.ची हवाई शाखाही सुरू झाली. पहिल्या दोन तुकड्या मुंबई आणि कलकत्त्याला मिळाल्या. कॉलेजातल्या मुलाला खाकी गणवेशाबरोबर आकाशही मिळू शकते ही कल्पना आपल्याकडे त्या एका वर्षात रुजली. आमच्या भागातल्या बऱ्याच जणांना हडपसरचा रस्ता एन.सी.सी.नेच दाखवला. काही जण मात्र पुण्यातल्या नातेवाइकांकडून ऐकून थेट गेले. मी त्यांपैकी एक.

सेंटर कधी उघडले, त्याला जमीन कुठली मिळाली, विमाने कोणती आली हे सरकारी फायलींत मिळेल. पण माझ्या मते या संस्थेचा खरा इतिहास तिथे कोणी कोणाला कसे शिकवले, याचा आहे. तो फायलींत नाही. ज्यांना आठवतो त्यांनी तो लिहून ठेवला पाहिजे, म्हणून हा लेख.

ठाणे-कल्याणच्या मुलांना हे शिकायला पुण्याला का जावे लागे, ते आधी सांगते. आपला टापू विमानांना अनोळखी नाही. कल्याणजवळ नेवाळीला दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिशांनी शेतकऱ्यांच्या जमिनी घेऊन धावपट्टी बांधली. त्या जमिनींचा प्रश्न 2017 साली आंदोलनाने पुन्हा पेटला तेव्हा राज्यभर त्या धावपट्टीचे नाव झाले. ठाण्यात कोलशेतला हवाई दलाचे स्टेशन आहे. पण ग्लायडरला नुसती धावपट्टी पुरत नाही, त्याला वर उठणारी गरम हवा लागते. आपल्याकडे दुपार झाली की खाडीवरून दमट, गार वारा आत शिरतो आणि जमिनीवरून उठू पाहणारी हवा तिथल्या तिथे बसते. त्यात मुंबई विमानतळाची वर्दळ डोक्यावर. हडपसर मात्र समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर, सह्याद्रीच्या पाठीमागे, कोरड्या पठारावर. मार्च ते मे या दिवसांत तिथली जमीन तापते आणि गरम हवेचे खांब उभे राहतात. त्यांना सगळे थर्मल म्हणत. थर्मल डोळ्यांना दिसत नाही. त्याचा पत्ता देतात त्या घारी आणि वावटळी. घार पंख न हलवता गोल गोल वर चालली असेल तर तिच्याखाली जायचे, हा तिथला पहिला धडा.

तर पहाटे कल्याणहून गाडी पकडायची, घाट चढायचा, पुणे स्टेशनवरून पीएमटीच्या बसने हडपसर गाठायचे आणि उरलेले चालत जायचे. बऱ्याच जणांची पुण्यात मावशी किंवा आत्या असायची, ते शनिवारी मुक्कामाला राहायचे. ज्यांचे कोणी नव्हते त्यांची सोय कशी व्हायची ते पुढे येईलच.

ग्लायडर हवेत कसे जाते हे ज्यांनी पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडे सविस्तर लिहिते, कारण तिथली सगळी माणुसकी त्या पद्धतीतून आलेली आहे असे मला वाटते. मैदानाच्या एका टोकाला विंच असते. मोठे इंजिन आणि त्यावर पोलादी दोराचा पिंप. दोर जीपने ओढत सुमारे किलोमीटरभर दूर, दुसऱ्या टोकाला आणायचा. तिथे ग्लायडर उभे असते, एक पंख जमिनीला टेकलेला. कोणीतरी दोराची कडी हुकाला लावतो. आधी हुक उघडतो का, बंद होतो का, हे दोनदा पाहायचे. कोणीतरी टेकलेला पंख उचलून समतल धरतो. कोणीतरी खुणेचा झेंडा घेऊन उभा राहतो. मागे कोणी विमान उतरत नाही ना, यावर कोणाची तरी नजर असते. झेंडा हळूहळू हलला की विंच दोरातला ढिलेपणा काढून घेते, झेंडा जोरात हलला की पूर्ण वेगाने ओढते. पंख धरणारा चार पावले बरोबर धावतो आणि सोडून देतो. ग्लायडर पन्नास-साठ मीटरांत जमीन सोडते आणि नाक उंचावून चढू लागते. हजारेक फुटांवर नाक खाली करायचे, पिवळी मूठ ओढून दोर सोडायचा, आणि मग नुसता वारा ऐकू येतो. थर्मल मिळाला नाही तर पाच-सहा मिनिटांत खाली. उतरल्यावर तेच ग्लायडर चार-पाच जणांनी ढकलत पुन्हा आरंभाच्या जागी आणायचे.

म्हणजे एकाने पाच मिनिटे उडायचे तर सात-आठ जणांनी उन्हात राबायचे. यातून कोणाचीच सुटका नव्हती. दहा मिनिटांपूर्वी एकटा उडून आलेला मुलगा आता नवख्याचा पंख धरून उभा असे. हवाई दलात निवड झालेला, सगळ्यांचा हेवा वाटावा असा एखादा सीनियर जीप चालवून दोर आणत असे. उडण्यासाठी आलेल्या प्रत्येकाला दिवसाचा बहुतेक वेळ दुसऱ्याच्या उड्डाणासाठी द्यावा लागे, आणि ते करता करता आम्ही एकमेकांचे झालो.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा कोणी नाव विचारले नाही, गाव विचारले. त्या दिवसापासून मैदानावर मी ‘डोंबिवली’ झाले. ठाण्याचा एक होता तो ‘ठाणे’, आणि कल्याणचे दोघे भाऊ ‘मोठा कल्याण’ आणि ‘धाकटा कल्याण’. “ए डोंबिवली, पंख धर!” अशी हाक आली की धावायचे. पंख कसा धरायचा हे पहिल्याच दिवशी एका सीनियरने शिकवले. टोकाला दोन बोटे आणि अंगठा, दाबायचे नाही, ढकलायचे नाही, ओढून तर अजिबात धरायचे नाही, कारण एका बाजूला ओढ बसली तर निघताना विमान तिकडे वळते. “तू धरायचं नाहीस, तो तुझ्या हातावर नुसता टेकला पाहिजे,” तो म्हणाला. त्या दिवशी मला उडायला मिळाले नाही. संध्याकाळी, आम्हाला उडायला शिकवणारे सर स्वतःहून जवळ आले आणि म्हणाले, “पुढच्या रविवारी पहिलं उड्डाण तुझं. येशील ना?” आमच्या आधी वही घेऊन बसलेले कितीतरी जण होते. सरांनी डोंबिवलीहून येणाऱ्या पोरीचे गाडीचे वेळापत्रक लक्षात ठेवले होते, हे मला नंतर कळले. लांबून येणाऱ्यांची पाळी ते शक्यतो सकाळी लावत, म्हणजे परतीची गाडी चुकू नये.

सर फार बोलत नसत. त्यांच्या हाताकडे पाहून शिकायचे. मी शिकले ती बरीचशी रोहिणी ग्लायडरवर. रोहिणीत शिकवणारा आणि शिकणारा शेजारी शेजारी बसतात, मागे-पुढे नाही. त्यामुळे मास्तरांचे हात सतत दिसतात. सुरुवातीला सरांचा उजवा हात नियंत्रणाच्या दांड्याच्या जवळ असे. काही आठवड्यांनी तो मांडीवर गेला. आणखी काही दिवसांनी दोन्ही हात घडी घालून छातीशी. शब्दाने कधी शाबासकी मिळाली नाही, पण ते हात कुठे आहेत त्यावरून आपण कितपत आलो आहोत ते प्रत्येकाला कळे, आणि मैदानावर एकमेकांना विचारण्याचा प्रश्नही तोच असे: “आज सरांचे हात कुठे होते?”

या ग्लायडरांबद्दल थोडे लिहिले पाहिजे, कारण ती आपली होती. दिल्लीत सफदरजंगला नागरी विमान वाहतूक खात्याचे तांत्रिक केंद्र होते. तिथे एस. रामामृतम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय हवेला, भारतीय लाकडाला आणि भारतीय खर्चाला झेपतील अशी ग्लायडर रेखाटली. 1958 साली अश्विनी उडाले, 1961 साली रोहिणी, 1963 साली कार्तिक, 1970 साली मृगशीर्ष, 1979 साली आर्द्रा. भरणीही त्याच घराण्यातले. नक्षत्रमालेतली नावे अशी आकाशात गेली. रोहिणीचे पंख टोकापासून टोकापर्यंत साडेसोळा मीटर, सांगाडा लाकडाचा, वर प्लाय आणि कापड. आमच्या आज्या-पणज्यांना रोहिणी, मृग, आर्द्रा ही पावसाची नक्षत्रे पाठ होती. आम्हाला ती हँगरमध्ये भेटली.

हँगर हे मिस्त्रीकाकांचे राज्य. कापड जरासे कुठे फाटले की काका आम्हाला बोलावून घेत. आधी जुना रंग खरवडायचा, मग कडा दातेरी कापलेला कापडाचा तुकडा बसवायचा, त्यावर डोपचा हात द्यायचा. डोप म्हणजे कापड ताणून घट्ट करणारे वार्निश. त्याचा वास डोक्यात जायचा. वाळल्यावर काका नखाने टिचकी मारून दाखवत: ढोलकीसारखा टणक आवाज आला तर काम झाले, भद्द आवाज आला तर पुन्हा करा. कुठल्याही मुलाला त्यांनी “तुला जमणार नाही, बाजूला हो” म्हटलेले मला आठवत नाही. उलट वाकडे लावलेले ठिगळ ते सगळ्यांसमोर न काढता संध्याकाळी आम्ही गेल्यावर नीट करून ठेवत. पुढच्या रविवारी आपले ठिगळ सरळ झालेले दिसे आणि पुढचे आपोआप नीट लागे. आमच्यातले दोघे पुढे विमान देखभालीच्या क्षेत्रात गेले, त्याचे मूळ त्या हँगरमध्ये आहे.

शिकवण्याच्या बाबतीत मात्र दयामाया नव्हती, आणि तीच मोठी दया होती. विंचचा दोर चढताना तुटू शकतो. तुटला तर नाक वर असलेले ग्लायडर क्षणात वेग गमावते. तेव्हा विचार करत बसायला वेळ नसतो: आधी नाक खाली, वेग परत येऊ दे, मग समोर जागा आहे का वळायला उंची आहे, ते ठरव. हे सांगून अंगी येत नाही. म्हणून सर चढत असताना अचानक, न सांगता, पिवळी मूठ ओढत. पहिल्या वेळी माझ्या तोंडून आईची हाक निघाली. सर शांतपणे म्हणाले, “आईला नंतर बोलव, आधी नाक खाली.” उतरल्यावर त्यांनी मला विंचपाशी नेले आणि विंचवाल्या काकांच्या शेजारी उभे करून पुढची काही उड्डाणे तिथून बघायला लावली. दोर किती ताणला जातो, चढणाऱ्याने घाईने नाक उचलले तर तो कसा कुरकुरतो, हे तिथून दिसते. विंचवाले काका दुरूनच ओळखायचे की वर कोण आहे. “हा धाकटा कल्याण. हळूच चढतो, बिचारा,” असे म्हणत ते इंजिनाचा जोर जरा वाढवायचे.

एकटे उडण्याचा दिवस कोणालाच आधी सांगत नसत. सांगितले तर रात्री झोप लागत नाही, हे त्यांचे कारण. माझा दिवस आला तेव्हा सकाळची दोन उड्डाणे नेहमीसारखी झाली. तिसऱ्या वेळी सर उतरले, आणि मला वाटले ते पाणी प्यायला चालले आहेत. त्यांनी मागे वळून आपल्या रिकाम्या बाकावरची उशी काढली. मग त्या बाकाचे पट्टे एकमेकांत अडकवून घट्ट ओढले, लोंबणारी टोके आत खोचली आणि हाताने दोनदा हलवून पाहिले. रिकाम्या जागेचा सुटा पट्टा हलून दांड्यात अडकू नये म्हणून. मग म्हणाले, “माझं वजन नाहीये आता. चटकन वर जाईल, उतरताना जरा तरंगेल. घाबरायचं काही कारण नाही, विमान तेच आहे.” एवढेच.

पंख ‘ठाणे’ने धरला होता. वर गेल्यावर खरोखर ग्लायडर नेहमीपेक्षा लवकर चढले. दोर सोडला, आणि शेजारचा रिकामा बाक डोळ्यांच्या कोपऱ्यात दिसत राहिला. मी मोठ्याने बोलत होते, स्वतःलाच सूचना देत: वेग बघ, डावीकडे बघ, आता वळ. खाली उतरून थांबले तेव्हा सगळे धावत आले. कोणी पाठीवर थापा मारल्या. विंचवाले काका दुसऱ्या टोकाहून जीपमध्ये बसून हात मिळवायला आले. सरांनी लॉगबुकात सही केली आणि मला हँगरमध्ये जाऊन मिस्त्रीकाकांना पेढा दे म्हणून सांगितले. पेढे त्यांनीच सकाळी आणून ठेवले होते.

पुढच्या आठवड्यात आमच्या डोंबिवलीच्या पत्त्यावर सरांचे पोस्टकार्ड आले, वडिलांच्या नावे. मुलगी एकटी उडाली, तिने सगळे नियम पाळले, आपण निश्चिंत असावे, आणि परीक्षेच्या महिन्यात तिने इकडे न येता अभ्यास करावा, असा मजकूर. आमच्या घरी मुलीने असे काही शिकण्याला आजीचा विरोध होता. ते कार्ड वडिलांनी मोठ्याने वाचले, मग आजीने स्वतः मागून घेऊन वाचले, आणि त्यानंतर रविवारी पहाटे माझा डबा आजी भरू लागली. सर असे कार्ड प्रत्येक विद्यार्थ्याच्या घरी पाठवत. त्याचे पैसे कुठल्याही सरकारी खात्यातून मिळत नव्हते.

मुक्कामाचेही तसेच. ज्या मुलांचे पुण्यात कोणी नव्हते त्यांना विंचवाल्या काकांच्या घरी जागा असे. आमच्या वेळी ‘धाकटा कल्याण’ तिथे जवळजवळ घरचाच झाला होता. काकूंनी त्याची बारावीची पुस्तके एका फळीवर लावून ठेवली होती. मुली असल्या तर सरांच्या घरी. सरांच्या पत्नी आम्हाला झोपण्याआधी गरम दूध देत आणि सकाळी पाच वाजता उठवत. आज कोणी असे घर दाखवील का, असा प्रश्न मला पडतो, पण तेव्हा तो कोणालाच पडला नव्हता.

ग्लायडर उडवणाऱ्यांना टप्प्याटप्प्याने मिळणाऱ्या ए, बी आणि सी या पदकांवर निळ्या गोलात पांढरे पक्षी असतात, एकाला एक, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला तीन. पुढे सिल्व्हर सी. त्यासाठी 5 तास हवेत राहायचे, 50 किलोमीटर जायचे आणि 1000 मीटर उंची मिळवायची. आमच्यातल्या फार थोड्यांनी तिथवर मजल मारली. पण सिल्व्हरच्या तयारीतल्या सीनियरसाठी सगळे मैदान दिवसभर डोळे वर करून बसे. कोण घारीखाली गेला, कोणाला थर्मल सापडला, याची खाली बोली लागे. त्याच्या यशाचा आनंद खालच्यांनाही तेवढाच होई, कारण दोर आम्हीच आणला होता.

नंतरच्या काळात पुष्कळ बदलले. 1990 च्या दशकात एन.सी.सी. हळूहळू ग्लायडरकडून मायक्रोलाइट विमानांकडे वळली. मायक्रोलाइटला इंजिन असते. त्याला विंच नको, दोर नको, पंख धरायला मुले नकोत. शिक्षणाच्या दृष्टीने तो निर्णय चुकला असे मी म्हणणार नाही, पण उडण्यासाठी सात-आठ मुलांनी एकमेकांची कामे करण्याची ती शाळा त्यामुळे आखडली, हे मला मनापासून वाटते. दुसरीकडे पुणे वाढत हडपसरच्या पलीकडे गेले. मैदानाच्या कडेने इमारती उभ्या राहिल्या. उत्तरेला लोहगावला हवाई दलाचा तळ आणि विमानतळ असल्याने आकाशातली हद्द आधीपासूनच आखलेली होती, आता जमिनीवरचीही आखली गेली. ज्यांनी नुसती दहा मिनिटांची सफर म्हणून तिथे एकदा उड्डाण केले अशी पुण्यातली माणसे भरपूर भेटतात. ही माणसे शाळा-कॉलेजातल्या मुलांनाही तिथे घेऊन जात, ही चांगली गोष्ट होती. मात्र दोर ओढायला थांबणारी मुले वेगळी.

ठाणे, कल्याण, डोंबिवलीची जी मुले त्या मैदानावरून गेली त्यांतले काही हवाई दलात गेले, काही प्रवासी विमाने उडवू लागले, काही बँकेत, शाळेत, दवाखान्यात लागले. ‘मोठा कल्याण’ शिक्षक झाला आणि त्याने आपल्या शाळेत एरोमॉडेलिंगचा वर्ग चालवला. बाल्साचे लाकूड महाग म्हणून थर्माकोलची ग्लायडर करायला मुलांना शिकवले. शनिवारी सुटीनंतर तो शाळेच्या गच्चीवर उभा राहून एकेका मुलाच्या हातातले ग्लायडर बघे आणि नाकाला मातीचा किती गोळा लावायचा ते सांगे. त्याच्या वर्गातल्या मुलांना तो कधी “तुला जमणार नाही” म्हणाला नाही. हे त्याच्याकडे मिस्त्रीकाकांकडून आलेले आहे, हे त्यालाही ठाऊक आहे.

सेंटरच्या स्थापनेला 2025 साली 75 वर्षे झाली. आपल्या भागातल्या जुन्या विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे. तुमच्याकडे लॉगबुक असेल, कपाटात, माळ्यावर, आईच्या ट्रंकेत, तर शोधून काढा. एकट्याने उडालेल्या दिवसाच्या पानाची झेरॉक्स काढून संपादकांकडे द्या. त्यात तारीख, ग्लायडरचे नाव, उड्डाणाची मिनिटे आणि सरांची सही असेल. त्या पानाच्या पाठीमागे तुम्ही स्वतः दोन ओळी लिहा: त्या दिवशी विंचवर कोण होते, झेंडा कोणी धरला होता, दोर कोणी आणला होता आणि तुमचा पंख कोणाच्या हातावर टेकला होता. लॉगबुकात त्यासाठी रकाना नाही.